अठ्ठ्याऐंशी टक्के

"येत्या वर्षात देशातील उद्योगधंदे अभूतपूर्व झेप घेतील, यात तिळमात्र शंका नाही."

हे वाक्य मी उभ्यानं लिहिलं. माझी खुर्ची दुरुस्तीला दिली होती, आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्यानं त्याच आठवड्यात धंदा बंद करून गावाकडे दोन म्हशी घेतल्या होत्या. खुर्ची आत, कुलूप बाहेर, मालक म्हशींकडे. त्यामुळे झेपेचं ते वाक्य मी फायलींच्या कपाटाला टेकून लिहिलं आणि पाय दुखायला लागले म्हणून तिथंच पूर्णविराम दिला.

याला आता सोळा वर्षं झाली. वारणाकाठ लघुउद्योजक मंडळाचा मी तेव्हा पगारी चिटणीस होतो. सभेची इतिवृत्तं लिहायची, वारलेल्या सभासदांना श्रद्धांजली वाहायची आणि मंडळाचं मासिक काढायचं, ही माझी कामं. मासिकाच्या शेवटच्या पानावर माझं विनोदी सदर असे. दिवाळी अंकात पहिल्या पानावर 'आगामी वर्ष : उद्योगांचा अंदाज' असे. दोन्ही मीच लिहायचो, एकाच पेनानं. वाचक फक्त शेवटच्या पानाला हसायचे.

अंदाज हवेतून काढलेला नसे. त्यासाठी मी दरवर्षी पाहणी करायचो. पाच प्रश्नांचा छापील फॉर्म घेऊन आमच्या वसाहतीतल्या एकशेबारा कारखान्यांत जायचो. पहिले चार प्रश्न नाव, माल, कामगार, वीज असे साधेच. पाचवा महत्त्वाचा. 'येत्या वर्षी आपला धंदा : सुधारेल / आहे तसाच राहील / बिघडेल. योग्य तिथे खूण करा.'

आणि ही पाहणी मी करायचो खंडेनवमीला.

त्यालाही कारण होतं. इतर दिवशी मालक सापडत नसत, सापडले तर मशीनच्या आवाजात प्रश्न ऐकू येत नसे, आणि ऐकू आला तर मी कुठल्यातरी सरकारी खात्यातून आलोय अशी त्यांची समजूत होई. खंडेनवमीला मात्र सगळे जागेवर. मशिनी पुसून, माळा घालून बसवलेल्या. आवाज नाही, धूर नाही. एका दिवसात एकशेबारा फॉर्म आणि दोनेक किलो पेढे.

या पद्धतीत एक बारीकशी गोम होती. ज्या मशीनला सकाळी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, तिच्यासमोर उभं राहून 'बिघडेल' वर खूण कोण करणार? पहिल्या वर्षी मोरे नावाच्या एका वेल्डिंगवाल्यानं केली होती. दुसऱ्या दिवशी त्याची बायको रबर घेऊन ऑफिसात आली. खूण पेनाची आहे म्हटल्यावर तिनं नवा फॉर्म मागून घेतला. त्यानंतर दहा वर्षांत 'बिघडेल' ला एकही मत पडलं नाही. देशात काय वाटेल ते होवो, आमची वसाहत दरवर्षी सुधारतच होती.

त्या वर्षी अमेरिकेत कुठलीशी जुनी बँक बुडाल्याला तीन आठवडे झाले होते. फॉर्म घेऊन मी भूपालअण्णा मगदुमांच्या वर्कशॉपवर गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. अण्णा उसाच्या ट्रॉलींचे आणि पुण्याकडच्या एका ट्रक कंपनीचे हब करायचे. हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी गड्डा. हाताखाली चौदा माणसं.

"या या, देवस्थळीसाहेब. चपला तिथंच काढा. आज शॉपात देव आलाय."

"कुठला?"

"ह्यो काय. एकोणऐंशी सालचा." त्यांनी जुन्या लेथकडे बोट केलं. लेथच्या गळ्यात झेंडूची माळ होती. पुढ्यात पाटावर नटबोल्टचे पाने, टूल, मोजमापाचा व्हर्नियर आणि एक चष्मा मांडला होता. चष्मा शंकर कुंभाराचा, म्हणजे लेथ चालवणाऱ्या सगळ्यांत जुन्या टर्नरचा. त्याच्याशिवाय बाकीची हत्यारं शंकरच्या काही कामाची नव्हती.

सुशीलाक्का, अण्णांच्या मंडळी, पुड्यांत चिरमुरे भरत बसल्या होत्या.

"अमेरिका काय म्हणतीय?" अण्णांनी विचारलं.

"बँक बुडाली म्हणे."

"मोठी हुती?"

"मोठी होती."

"आपल्याकडं येतंय व्हय ते?"

"मध्ये समुद्र आहे," मी म्हणालो.

"त्सुनामी समुद्रावरनंच आली हुती," सुशीलाक्का मान वर न करता म्हणाल्या.

अण्णांनी फॉर्म घेतला. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत भरला. पाचव्याला थांबले. लेथकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि 'सुधारेल' वर अशी ठळक खूण केली की कागदाला भोक पडलं.

"दुसरं काय लिहू? ऐकतंय की ते."

मग मला हाताला धरून बाहेर लिंबाखाली नेलं. "हितं बोलू. आत नको."

गोष्ट अशी होती. ट्रॅक्टरच्या शोरूमसाठी एकाला रस्त्याकडेचा प्लॉट हवा होता. भाव चांगला देत होता, पण दिवाळीच्या पाडव्याच्या आत हो की नाही सांगा म्हणत होता. दुसरीकडून ट्रक कंपनी म्हणत होती, कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशीन घ्या, दुप्पट काम देतो. मशीनवाल्यालाही दिवाळीआधीच शब्द पाहिजे होता.

"सुशीला म्हणतीय, विकून टाका. पोरगा पुण्यातनं परत येणार नाही, कुणासाठी करायचं? आज विकलं तर चौदाजणांना ज्याचं त्याला देऊन हात जोडून मोकळा हुतो. मशीन घेतली आन् काम आलं नाही, तर त्यास्नी काय देऊ? चिरमुरे?"

"तुमचं मन काय म्हणतंय?"

"मन म्हणतंय, देवस्थळीसाहेबांचा अहवाल येऊ दे." ते हसले. "बाकीचे काय म्हणत्यात ते तरी कळंल. एवढी समदी माणसं सुधारंल म्हणत असली, तर मी एकट्यानंच का पळायचं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. काखेतल्या पिशवीत एकोणतीस फॉर्म होते. एकोणतीस माणसांनी माळ घातलेल्या मशीनकडे बघत बघत भरलेले. अण्णा, अहवाल म्हणजे तुम्ही आत्ता भोक पाडलंत तेच, गुणिले एकशेबारा, असं मी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात शंकर कुंभार पेढे घेऊन आला. तोंडात पेढा असताना माणसाला फार बोलता येत नाही. पेढा संपला तेव्हा पुढच्या कारखान्याची वेळ झाली होती.

दसऱ्यानंतर मोजणी केली. सुधारेल, नव्व्याण्णव. आहे तसाच राहील, तेरा. बिघडेल, भोपळा. टक्केवारी अठ्ठ्याऐंशी.

मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव सरनोबत. स्क्रूचा कारखाना, आवाज मोठा. त्यांनी आकडा पाहिला.

"शंभर करता येणार नाहीत?"

"तेराजण आहेत ना, साहेब."

"राहू देत. शंभर खोटं वाटतं. अठ्ठ्याऐंशी कसं, अभ्यास केल्यासारखं वाटतं." त्यांनी कागद परत दिला. "दिवाळीआधीच्या सोमवारी मेळावा आहे. बँकेचे मोठे साहेब येतायत. तुम्हीच वाचा. आवाज जरा चढा ठेवा, तुम्ही वाचलं की श्रद्धांजली वाटते."

"साहेब, एक विचार होता. साध्या दिवशी परत एकदा विचारून बघावं का? अमेरिकेचं हे सगळं चाललंय, तर..."

"देवस्थळी, वर्गणीत अंदाज एकच बसतो."

पण अण्णांचं 'मी एकट्यानंच का पळायचं' हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून पुढच्या मंगळवारी मी आपला आपण निघालो. मंगळवार मुद्दाम घेतला. आमच्या वसाहतीची सुट्टी सोमवारी, म्हणजे मंगळवार हा आठवड्यातला सगळ्यांत साधा दिवस. त्या दिवशी कुणी देव बसवत नाही. फॉर्म घेतला नाही. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका खिशात होती, तिच्या मागच्या बाजूवर लिहायचं ठरवलं. आत जायचं नाही, मशीनला दिसायचं नाही. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर उभं राहायचं आणि येईल त्या मालकाला विचारायचं.

पहिला इक्बाल बागवान आला. पुठ्ठ्याची खोकी करणारा.

"इक्बालभाई, खरं सांगा. पुढचं वर्ष कसं जाणार?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "फॉर्मवर तर लिहिलंय ना मी?"

"ते राहू दे. इथं सांगा."

"चिटणीससाहेब, माल निघायचा कमी झाला की सगळ्यात आधी माझी खोकी परत येतात. तीन आठवडे झाले, गोदामात खोकीच खोकी. बायको म्हणते, त्यातच राहायला जाऊ, भाडं वाचेल."

"म्हणजे बिघडेल?"

"मी शब्द नाही काढला हं. तुम्ही काढलात."

मग बाकीचे आले. चहाचा ग्लास हातात असला की आमच्याकडची माणसं खरं बोलतात, हे अकरा वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकानं दोन पाळ्यांची एक केली होती. एकाला कंपनीनं फोनवर सांगितलं होतं, पुढचा निरोप येईपर्यंत माल पाठवू नका. एकजण म्हणाला, आहे तसंच राहील, आणि माझ्याच पैशानं दुसरा चहा प्याला. सरनोबतांचा मॅनेजर आला, तोही म्हणाला, "आमचं नाव नका घालू, पण गुरुवारपासून आमची रात्रपाळी बंद."

संध्याकाळपर्यंत तेवीसजण झाले. पत्रिकेच्या मागं मी लिहिलं : बिघडेल, एकोणीस. तसंच राहील, चार. सुधारेल, शून्य. पुढच्या बाजूला गणपती आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' होतं.

एक सांगायचं राहिलं. अण्णांच्या गल्लीकडे मी फिरकलो नाही. ते भेटले असते तर त्यांनीच मला विचारलं असतं.

सोमवारी मेळावा झाला. वसाहतीतलं मंगल कार्यालय, स्टेजवर मखमली खुर्च्या. मी निघताना ती पत्रिका सदऱ्याच्या खिशात घातली. अहवालाच्या शेवटी एक वाक्य घालायचं ठरवलं होतं. तोंडपाठही केलं होतं. 'मात्र सणाचा दिवस सोडून विचारले असता निराळे चित्र दिसते.' फार काही नाही, एवढंच.

स्टेजच्या मागं सरनोबतांनी मला गाठलं.

"ते मंगळवारचं काय ऐकतोय मी?"

"सहज विचारत होतो."

"मंडळातर्फे?"

"नाही. खाजगी."

"मग खाजगीतच ठेवा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. "अहो, त्या साहेबांसमोर एकदा 'बिघडेल' म्हणालात की उद्यापासून इथल्या एकालाही कर्ज मिळायचं नाही. मग खरंच बिघडेल. आणि ते कोणामुळे झालं म्हणून सांगायचं?"

मी पत्रिका खिशात आणखी खाली सरकवली.

मी माइकसमोर उभा राहिलो. अण्णा तिसऱ्या रांगेत होते, शेजारी सुशीलाक्का. अण्णांच्या हातात खिशातली छोटी वही होती आणि पेन उघडलेलं होतं. सगळ्या कार्यालयात पेन उघडून बसलेला तो एकच माणूस.

"अठ्ठ्याऐंशी टक्के उद्योजकांच्या मते," मी वाचलं, आवाज चढा ठेवून, "येत्या वर्षी धंद्यात सुधारणा होईल. बिघाडाची शक्यता एकाही उद्योजकाने वर्तवलेली नाही."

टाळ्या झाल्या. इक्बाल बागवानही वाजवत होता. ज्या तेवीसजणांनी मला टपरीवर सांगितलं होतं, त्यांतले निम्मे तरी समोर होते, आणि सगळे वाजवत होते. अण्णांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग झेपेचं वाक्य वाचून मी खाली बसलो. मला काही वाटलं नाही. पाय तेवढे दुखत होते.

जेवणाच्या वेळी त्यांना बाजूला घेऊन सांगायचं, असं मी ठरवलं. पाडव्याला अजून आठ दिवस होते. पण आभारप्रदर्शनाआधी पाहणीच्या कष्टांबद्दल माझा सत्कार निघाला. शाल, श्रीफळ, दोन फोटो. फोटोवाल्याचा फ्लॅश चालेना म्हणून तिसरा. मी नारळ घेऊन मांडवात पोचलो तेव्हा अण्णा ताट घेऊन उभे होते.

"अण्णा, जरा बोलायचं होतं."

"आधी मी बोलतो." त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "फोन करून आलो. शोरूमवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मशीनवाल्याला हो. दोन्ही फोन आभार चालू असतानाच केले, नाहीतर परत मन फिरायचं."

मी खिशाला हात लावला. पत्रिका होती.

"तुम्ही फार कष्ट घेतलेत हो," अण्णा म्हणाले. "कुणी घेत नाही एवढे."

सत्काराबद्दल बोलतायत असं मला वाटलं.

"काय बोलायचं हुतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "मसालेभात चांगला झालाय."

"जिलबी घ्या की. गरम हाय."

मी जिलबी घेतली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पौषात ट्रक कंपनीनं काम निम्मं केलं, फाल्गुनात बंद. शोरूम हमरस्त्याला दुसरीकडे झालं. अण्णांची नवी मशीन माघात आली, दीड महिना चालली. माणसं एकेक करून कमी होत गेली. कुणी साखर कारखान्यावर लागलं, कुणी रिक्षा घेतली. इक्बालनं खोक्यांचं गोदाम दुसऱ्याला दिलं. माझं विनोदी सदर चालू होतं.

पुढच्या खंडेनवमीला मी फॉर्म घेऊन निघालो. तुम्ही म्हणाल, का गेलात? पगारी चिटणीस होतो. अण्णांची गल्ली शेवटी ठेवली. दुपारचे चार वाजले.

शॉपात अण्णा एकटे खुर्चीवर बसले होते. शंकर कुंभार तेवढा राहिला होता, पण तो घरी गेला होता. जुन्या लेथला माळ होती. नव्या मशीनवर परत प्लास्टिक ओढलं होतं आणि माळ प्लास्टिकवरून घातली होती.

"या. चपला तिथंच काढा."

"आक्का?"

"लेकीकडं. येईल तवा येईल." एवढंच.

मी समोर बसलो. बरंच बोलायचं ठरवून आलो होतो.

"अण्णा, गेल्या वर्षी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. खंडेनवमीचे ते आकडे..."

"खंडेनवमीच्या आकड्यांचं मला काय सांगता?" ते हसले. "अकरा वर्षं मीच भरतोय की. कागदाला भोक पाडून लिहितो मी. लेथसमोर दुसरं कोण काय लिहील? मी तर तवा विकायचंच ठरवलं हुतं."

"विकायचं?"

"मग? अहवाल येऊ दे म्हटलं ते आपलं चार दिवस ढकलायला. शंकरला कसं सांगायचं, ते सुचत नव्हतं."

मला नीट कळेना. "मग मशीन का घेतलीत?"

अण्णांनी एक पेढा उचलला, परत ताटात ठेवला.

"तुम्ही मंगळवारी फिरलात की. टपरीवर हुबं राहून एकेकाला विचारत हुता. शंकरनं बघितलं. मला येऊन म्हणाला, चिटणीससाहेब फॉर्म न घेता विचारायला लागल्यात. मी सुशीलाला म्हटलं, बघ, ह्या माणसानं दोनदा विचारलं. एवढे कष्ट कोण घेतंय? आता सोमवारी ह्यो जे बोलंल, ते खरं."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करून गेलं.

"आन् तुम्ही अठ्ठ्याऐंशी म्हणालात," अण्णा म्हणाले. जॉबचं माप सांगावं तसं म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर बऱ्याच वर्षांनी वाटलं. तेव्हा काही वाटलं नाही. मी पाटावरच्या हत्यारांकडे बघत होतो. चष्मा नव्हता.

"एकोणीसजण बिघडेल म्हणाले होते," मी म्हणालो. "तेविसातले."

"असं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. हात पुढं केला. मला वाटलं, हात धरतायत. पण ते फॉर्म मागत होते.

नाव लिहिलं. माल : हब. कामगार : एक. वीज : आहे. पाचव्या प्रश्नाशी थांबले. जुन्या लेथकडे पाहिलं, नव्या मशीनकडे पाहिलं, आणि 'सुधारेल' वर खूण केली. या वेळी हळू, कागद फाटू न देता.

"अण्णा, अहो..."

"माळ घातलीय बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

मी उठलो. पिशवीत फॉर्म ठेवला. तो एकशेबारावा नव्हता, त्या वर्षी सगळे मिळून एक्क्याण्णवच झाले होते. चपला घालून दारापर्यंत आलो, तेव्हा मागून हाक आली.

"देवस्थळीसाहेब."

मी वळलो. आता बोलतील असं वाटलं.

"जाताना तेवढं दार ओढून घ्या. बाहेरचं कुत्रं पेढ्यांवर टपलंय."